दप्तरानं कणा वाकत नाही

पालकांच्या ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय: 'जड दप्तरामुळे मुलांचा कणा एका बाजूला वाकतो. रोज बारला लटकवा, ताठ बसवा, २१ दिवसांत सरळ. डॉक्टर ब्रेस (धडाभोवती घालायचा कडक पट्टा) देतील, घेऊ नका, स्नायू लुळे पडतात.' माझ्या लेकीच्या पाठीत ३२ अंशांचा बाक आहे, म्हणून चार जणींनी तो मला मुद्दाम पाठवला.

आधी दप्तर. स्कोलिओसिस, म्हणजे कणा असा एका बाजूला वाकणं. तो असलेल्या दहांतल्या साधारण आठ जणांत नेमकं कारण सापडतच नाही. घराण्यात कुणाला असला तर शक्यता वाढते, एवढं खरं. दप्तर हलकं कराच. मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नको, असं केंद्राचं २०२०चं धोरणही सांगतं. ओझ्यानं खांदे-पाठ दुखते. मणके एकीकडे झुकून पिळले जातात, ते ओझ्यानं नाही. हे कळेपर्यंत मी स्वतःला किती दोष दिला, विचारू नका.

'ताठ बस'नं पोक जातो, हा बाक जात नाही. आमच्याकडे तो पहिल्यांदा शिंप्याला दिसला. कुर्त्याची खालची शिवण त्यानं दोनदा उसवली आणि म्हणाला, "ताई, माप चुकलं नाही, पोरीची एक बाजूच वर आहे." घरी बघायचं तर पाय जुळवून, गुडघे न वाकवता, तळवे जोडून मुलीला पुढे वाकायला सांगा आणि मागून बघा. एकीकडच्या फासळ्या उंच दिसल्या तर हाडांच्या डॉक्टरांकडे जा.

लटकताना कणा थोडा सरळ होतो, उतरलं की पुन्हा होता तसा. लहान बाक बरेचदा आपणहून वाढत नाहीत, आणि श्रेय बारला मिळतं. एक्स-रेवर कोन मोजताना पाचेक अंश इकडेतिकडे होतातच. बाकाप्रमाणे शिकवलेले श्रॉथ व्यायाम वेगळे, ते आम्हीही करतो.

आता ब्रेस, कारण 'तो घेऊ नका' हाच घातक सल्ला आहे. २०१३ साली अमेरिका-कॅनडातल्या मोठ्या अभ्यासाचे निकाल आले: वाढ पूर्ण होईपर्यंत बाक ५० अंशांच्या आत राहिला तो ब्रेस घालणाऱ्या ७२ टक्के मुलांत आणि न घालणाऱ्या ४८ टक्के मुलांत. रोज तेरा तासांपेक्षा जास्त घालणाऱ्यांत हे प्रमाण नव्वदीपार गेलं. म्हणजे ब्रेसशिवायही जवळपास निम्म्यांचं निभावलं, हे लपवायचं कारण नाही. ब्रेस कणा सरळ करत नाही, वाढणारा बाक थोपवतो. तोही साधारण २५ ते ४० अंशांत आणि उंची वाढत असेतोवर. स्नायूंसाठी व्यायाम चालूच ठेवायचा असतो. मे महिन्यात तो घालणं म्हणजे शिक्षाच. आतला बनियन आम्ही उलटा घालतो, शिवण टोचू नये म्हणून.

आणि २१ दिवसच गेले असते तर फार बिघडलं नसतं. पण लोक त्या २१ दिवसांचे सहा महिने करतात, आणि पोरगी नेमकी त्याच वर्षी भराभर उंच होत असते.