आळीमिळी गुपचिळी

वृद्धाश्रम असो, विशेष मुलांची शाळा असो की रुग्णसेवेचं केंद्र, गुण्यागोविंदाने काम करणारी टीम उभी करायची असेल तर आधी मनाशी एक पक्कं करा: चांगली टीम ती, जिचा आवाज ऑफिसपर्यंत येत नाही. मी इंदूरमधल्या अशाच एका वृद्धसेवेच्या संस्थेत हिशेब लिहितो. नाव सांगत नाही, सचिवसाहेब वाचतात. आमच्याकडे एवढा एकोपा आहे की मासिक बैठक अकरा मिनिटांत आटोपते, आणि त्यातली सात पोह्यांत जातात.

तेव्हा सुरुवात पोह्यांपासूनच करा. रात्रपाळीला तीन मावश्या हव्या असताना दोघींवर भागवलंत की दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे-जलेबी मागवा. वर शेव, जीरावण मसाला सढळ हाताने. तिसऱ्या मावशीच्या पगारापेक्षा हे किती स्वस्त पडतं, त्याचा कागद माझ्याकडे आहे. वर्षातून एकदा पाताळपाणी ते कालाकुंड हेरिटेज रेल्वेची सहल काढा. टीम जवळ येते म्हणतात. मावश्यांना जाता येत नाही, कारण आजी-आजोबांपाशी कोणी तरी हवंच. त्यांच्यासाठी कालाकुंडहून कलाकंद आणा. माणशी एक वडी पुरते.

आणि ‘आपण सगळे एक कुटुंब आहोत’ हे वाक्य महिन्यातून दोनदा तरी म्हणा. कुटुंबात कोणी ओव्हरटाइम मागतं का?

आता खरा मुद्दा, चुका. मागच्या पावसाळ्यात रात्रपाळीच्या एका मावशीच्या हातून एका आजींना बीपीची गोळी दुसऱ्यांदा दिली गेली. दिवसपाळीने गोळी देऊन चार्टवर टिक केली नव्हती. मावशीच्या लक्षात येताच तिने डॉक्टरांना फोन केला, रात्रभर तासातासाला बीपी मोजलं, आजी ठणठणीत राहिल्या. इथवर ठीक होतं. पण या बाईने सकाळी ते सगळं हँडओव्हरच्या रजिस्टरमध्ये लिहिलं! वेळेसकट!

सचिवसाहेबांनी तिला सगळ्यांसमोर उभं केलं. “मावशी, तुम्ही तर घरच्या ना? मग हे लिहून काय ठेवून राहिल्या तुम्ही? उद्या कोणाच्या मुलाने वाचलं तर?” चार्टचं कोणी विचारलं नाही. मीही नाही.

परिणाम बघा. त्या दिवसापासून आमच्या संस्थेत एकही चूक झालेली नाही. रजिस्टरच्या पानापानावर दोनच शब्द आहेत: सर्व ठीक.

यावर हार्वर्डच्या एमी एडमंडसन बाईंनी 1990च्या दशकात बराच घोळ घालून ठेवला आहे. रुग्णालयातल्या ज्या टीम चांगल्या, त्यांच्याकडे औषधांच्या चुका कमी असतील असं धरून त्या शोधायला निघाल्या. निघालं उलटंच. जिथे प्रमुख परिचारिकेशी मोकळेपणाने बोलता येत होतं, तिथे चुकांचा आकडा मोठा. कारण तिथली माणसं चूक झाली की सांगत होती. बाकीच्या ठिकाणी ती गिळली जात होती. हे संशोधन 1996 मध्ये छापून आलं. तुम्ही त्यातून एवढंच घ्या, की आकडा शून्यावर आणायचा तर गोळ्यांवर नव्हे, मावशीच्या तोंडावर लक्ष ठेवावं लागतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

जागतिक आरोग्य संघटनेचंही असंच. 2008 मध्ये त्यांनी शस्त्रक्रियेसाठी 19 बाबींची यादी काढली. त्यातली एक म्हणजे, चीर देण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं. दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती यादी वापरून पाहिली, तर मृत्यूंचं प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 वर आलं. असेल बुवा. आमचं ‘ए मावशी’वर भागतं. चौघींपैकी कोणीही वळून बघते.

खरं तर आपलं इंदूर वर्गीकरणात देशाला धडे देतं. ओला, सुका, प्लास्टिक असे सहा वेगवेगळे भाग करून आपण गाडीत कचरा टाकतो. संस्थेत मात्र हा नाद नको. सूचना, तक्रार, चूक आणि कुरकुर, सगळं एकाच डब्यात, आणि डब्याला कुलूप. आमच्या सूचनापेटीची किल्ली 2019 पासून सापडत नाही.

ब्रूस टकमन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1965 मध्ये लिहिलं, की गट आधी जमतो, मग भांडतो, मग त्याची घडी बसते आणि तेव्हा कुठे काम होतं. भांडण्याची पायरी आम्ही पोह्यांवर उरकतो. 1977 मध्ये त्यांनी पाचवी पायरी जोडली, पांगण्याची. ती आम्हाला उत्तम साधली आहे. ती बीपीवाली मावशी दिवाळीनंतर गेली, पाठोपाठ आणखी दोघी. शाल-श्रीफळाचा खर्च मी ‘कर्मचारी कल्याण’ या खात्यात टाकला.

परवा नवी मावशी आली. पहिली रात्रपाळी संपवून रजिस्टर घेऊन माझ्या टेबलाशी उभी. “काका, रात्री सात नंबरच्या आजोबांना दोनदा चक्कर आली. हे कुठं लिहू?”

मी तिला मागची पानं उलटून दाखवली.