नामवॉनची चुनह्यांग: खरी की गोष्टीतली?

दक्षिण कोरियातल्या नामवॉन शहराबद्दल एक मजकूर सध्या फिरतोय: चुनह्यांग ही इथे खरोखर होऊन गेलेली स्त्री, तिची समाधी हाच पुरावा, आणि ग्वांगहल्लू हा मंडप तिच्या प्रेमासाठी बांधला. हे तिन्ही दावे टिकत नाहीत.

चुनह्यांग ही लोककथेतली नायिका. गणिकेची मुलगी, अधिकाऱ्याच्या मुलावर, मोंग्र्योंगवर, जीव जडलेली. तो राजधानीला जातो. नवा अधिकारी तिला आपली रखेल व्हायला सांगतो, ती नकार देते आणि तुरुंगात जाते. शेवटी मोंग्र्योंग भिकाऱ्याच्या वेशात परततो. तो असतो राजाचा गुप्त निरीक्षक. पान्सोरी म्हणजे ढोलाच्या साथीने कथा गाण्याची कोरियन परंपरा; तिचे गायक ही कथा तासन्‌तास गातात. उपलब्ध जुन्या लिखित रूपांपैकी एक १७५४ मधलं आहे.

मंडप त्याआधीचा. १४१९ मध्ये ह्वांग ह्वी या मंत्र्याने तो बांधला, १५९७ च्या जपानी आक्रमणात तो जळाला आणि सतराव्या शतकात पुन्हा उभा राहिला. म्हणजे मंडप आधी, गोष्ट नंतर.

समाधी शहराजवळ आहे, पण ती श्रद्धेने जपलेली जागा आहे, ऐतिहासिक पुरावा नव्हे. चुनह्यांगचं देऊळ तर १९३१ मधलं. तिच्या नावाचा उत्सवही त्याच वर्षी सुरू झाला.

मोंग्र्योंगच्या बाबतीत मात्र थोडा आधार आहे. सतराव्या शतकातल्या सोंग ई-सोंग या निरीक्षकाचे वडील नामवॉनचे अधिकारी होते. हाच मोंग्र्योंगचा मूळ नमुना असावा, असं काही अभ्यासक मानतात.