बाळ माझं, प्रश्न मात्र सासूबाईंना

"घरी बाळाला बघणार कोण?" डिस्चार्जच्या वेळी सिस्टरने विचारलं. मला नाही, सासूबाईंना. मी तिथेच पलंगावर बाळाला पाजत बसले होते. मला दिसत नाही, ऐकू येतं हो!

लेक आता चार वर्षांची आहे. तापाचं औषध मी सिरिंजने देते. दट्ट्यावर ब्लेडने खाच पाडून घेतलीय, ती नखाला लागली की पाच मिली भरलं. रांगायची तेव्हा पायात घुंगरांचे वाळे होते. आवाज थांबला की मी हातातलं टाकून उठायचे, कारण पोर गप्प म्हणजे नक्की काहीतरी तोंडात घातलंय.

हे आज लिहायचं कारण माझी मैत्रीण. पोलिओमुळे ती व्हीलचेअर वापरते. घटस्फोटाची केस चालू आहे आणि मुलाच्या ताब्यासाठी नवऱ्याने केलेल्या अर्जात पहिलाच मुद्दा काय, तर आई मुलामागे धावू शकत नाही. सहा वर्षं हाच माणूस मूल तिच्यावर टाकून ऑफिसला जात होता.

मग मी कायदा वाचायला घेतला (म्हणजे स्क्रीन रीडरकडून ऐकला). दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016, कलम 9. दिव्यांगत्वाच्या कारणावरून दिव्यांग मुलाला कोर्टाच्या आदेशाशिवाय आईवडिलांपासून तोडता येणार नाही. छान. पण आईवडीलच दिव्यांग असतील तर? त्यावर चकार शब्द नाही. दिव्यांगांच्या हक्कांबद्दलच्या संयुक्त राष्ट्रांच्या ज्या कराराला आपण 2007 मध्ये मान्यता दिली, त्याच्या कलम 23 मध्ये दोन्ही आहेत: दिव्यांगत्व मुलाचं असो की आईवडिलांचं, त्या कारणावरून ताटातूट नको. आपल्याकडे येईपर्यंत आईबाप गळाले.

2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चंदीगडच्या एका बौद्धिक दिव्यांग मुलीचा गर्भपात तिच्या मर्जीविरुद्ध होऊ दिला नाही. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम 2017 तर सांगतो, उपचारासाठी दाखल असलेल्या आईपासूनही तीन वर्षांखालचं मूल एरवी वेगळं करू नका. म्हणजे असं लिहिता येतं. मग सरसकट सगळ्या दिव्यांग आईवडिलांसाठी का नाही?

ताब्याच्या केसमध्ये कोर्ट मुलाचं हित बघतं, आणि तेच बघायला हवं. मुलाची आबाळ होत असेल तर पुरावा आणा, माझ्याविरुद्धही आणा. पण व्हीलचेअर किंवा पांढरी काठी हा आबाळ झाल्याचा पुरावा कसा?

वकीलबाईंनी मैत्रिणीला सांगितलंय, दिवसभर मुलाचं काय काय करतेस ते लिहून आण. काल रात्री फोनवर मला वाचून दाखवत होती. दुसरं पान चालू होतं तेवढ्यात आतून आरोळी आली, "आईऽऽ, झाली!" आणि तिने फोन ठेवला.