नटून-थटून कैरो

कैरोत पहिला बळी जातो तो उंच टाचेचा. शहराच्या मध्यभागातले फूटपाथ म्हणजे वाड्याची जोती. चढताना स्कर्ट दोन्ही हातांनी उचलावा लागतो, आणि चढून चार पावलं टाकावीत तोच झाडाचं आळं, दुकानाची पायरी नाहीतर उभी मोटार आडवी येते. की पुन्हा खाली! अल-मुइझ रस्त्याला दगडी फरसबंदी आहे. तिथे बारीक टाच फटीत अडकली की चप्पल तिथेच राहते आणि बाई पुढे जाते. तेव्हा बंद, जाड तळव्याचे, घरी निदान पंधरा दिवस वापरलेले बूट न्या. नाडीचे नकोत, मशिदीत दर वेळी काढावे लागतात. रंग मातकट. संध्याकाळपर्यंत सगळेच बूट मातकट होतात, मग सकाळपासून असलेले काय वाईट?

वाळवंट दाराशी, आणि वर्षभरात पडणारा पाऊस मुंबईतल्या एका जोरदार दुपारइतकाही नाही. वसंतात खमसीन वारा सुटला की आकाशच खाकी होतं. अशा हवेत काळा पोशाख घालून फिरलेली बाई गिरणीतून दळण घेऊन आल्यासारखी दिसते. शिफॉन आणि जॉर्जेट कोरड्या हवेत अंगाला चिकटतात. सुती किंवा लिनन, बाही कोपराखाली, लांबी गुडघ्याखाली, एवढं पाळलं की उकाडाही सोसतो आणि रस्त्यावरचे डोळेही थोडे कमी होतात. थोडेच. उरलेल्यांसाठी गॉगल आणि ‘ला, शुक्रन’ (नको, आभार) हे दोन शब्द, तेही चालता चालता. थांबून म्हटलं तर तो नकार राहत नाही, गप्पांना सुरुवात होते. मात्र ‘साधंच जाऊ’ म्हणून मळखाऊ टी-शर्टात जाऊ नका. तिथल्या बायका हिजाबचा रंग पर्सशी आणि पर्सचा बुटांशी जुळवून बाहेर पडतात.

दोन मीटरची एक सुती ओढणी पाच दागिन्यांइतकी. अल-अझर मशिदीच्या दारात डोक्यावर, खमसीनमध्ये नाकावर, जानेवारीच्या रात्री गळ्याभोवती. जानेवारीत रात्री दहा अंशांच्या आसपास उतरतात आणि पुष्कळ घरांना, हॉटेलांना धड हीटर नसतो, हे ‘इजिप्त म्हणजे ऊन’ समजून गेलेल्यांना पहिल्याच रात्री कळतं. ओढणीसोबत मोज्यांचा एक जोड पर्समध्ये असू द्या. बूट काढल्यावर संगमरवर काय गार असतं!

गिझाला जायचं तर पँटच. खुफूच्या पिरॅमिडमध्ये वर जाणारा बोळ जेमतेम सव्वा मीटर उंच आणि जवळजवळ चाळीस मीटर लांब आहे, तोही चढाचा. कमरेत वाकून चढायचं, पायाखाली आडव्या पट्ट्या ठोकलेल्या फळ्या, समोरून उतरणारा माणूसही वाकलेलाच. लांब स्कर्ट असेल तर तिसऱ्या पावलाला आपणच आपल्या घेरावर उभ्या राहतो. आंबाड्यात काडी नको, छताला घासते. लोंबते डूल नकोत. आत दमट, कोंदट उकाडा असतो, त्यामुळे तोंडावरची रंगरंगोटी बाहेर आल्यावर करावी.

उंट आधी मागचे पाय सरळ करतो. म्हणजे बसलेली बाई थेट त्याच्या मानेवर. म्हणून तो उठताना मागे रेला. बसताना तो आधी पुढचे गुडघे टेकतो, तेव्हाही मागेच रेला. भाव ठरवताना चढणं, फिरणं आणि उतरणं असे तिन्ही शब्द उच्चारून घ्या, नाहीतर उतरवण्याचे पैसे वर बसल्यावर कळतात.

आता आकडे. तिथला पाच हुबेहूब आपल्या शून्यासारखा, आणि तिथलं शून्य म्हणजे नुसता ठिपका. त्यामुळे दीडशे लिहिलेली चिठ्ठी आपल्याला ‘दहा’ आणि पुढे पूर्णविराम अशी दिसते, आणि दहाच्या भावाने आपण चार ओढण्या उचलतो. सहा इंग्रजी सातासारखा, सात इंग्रजी व्हीसारखा, आठ म्हणजे तोच व्ही पालथा. विमानातच पाठ करा, कारण बोलावलेल्या टॅक्सीची पाटीही याच आकड्यांत असते. नोटाही नीट बघा: पन्नास पियास्टरची नोट पन्नास पौंडाची म्हणून हातात टेकवण्याचा खेळ जुना आहे. शंभर पियास्टरचा एक पौंड. त्याला तिथे ‘गिनेह’ म्हणतात, आजीच्या गिन्नीचं भावंड.

पाच-दहाच्या नोटा मात्र वेगळ्या खिशात हव्यात. आपल्याकडे बक्षीस शर्यत जिंकल्यावर मिळतं, तिथे ‘बक्शीश’ टॉयलेट पेपरचे चार चौकोन देणाऱ्या मावशींना द्यावं लागतं. आत पाण्याची सोय असते, त्या बाबतीत आपला जीव भांड्यात पडतो. पण भांड्यातच बसवलेली नळी असेल तर बाजूची चावी पाव फेराच फिरवा, आणि वाकून बघत तर मुळीच फिरवू नका. जंपसूट घालून गेलेल्या बाईला या खोलीत काय भोगावं लागतं, ते लिहिण्यासारखं नाही.

मेट्रोत गाडीच्या मधोमध बायकांचे डबे असतात; फलाटावर खूण शोधून तिथेच उभ्या राहा. तिकीट जपा, बाहेर पडताना लागतं. रस्ता ओलांडताना एखाद्या स्थानिक आजींच्या पलीकडच्या बाजूला राहून, म्हणजे गाड्या आणि आपण यांच्यात आजी ठेवून, त्यांच्याच वेगाने चाला. धावायचं नाही, मध्येच थबकायचं तर अजिबात नाही.

खान अल-खलीलीच्या बाजारात ‘अमिताभ बच्चन!’ अशी हाक आली की भाव वाढलाय असं समजावं. निम्म्याच्याही खालून सुरुवात करा. कैरोच्या बोलीत ‘मला हिंदी (म्हणजे भारतीय) समजलास काय?’ म्हणजे ‘मला बावळट समजलास काय?’ हे वाक्य एखादी हिंदी बाईच तोंडावर म्हणाली, तर दुकानदार हसतो, आणि हसलेला दुकानदार उतरतो. सौदा मोडायचा तर ‘खलास’ म्हणा, अर्थ आपलाच. सुटी सुरम्याची पूड घेऊ नका, तिच्यात शिसं असू शकतं. कोरीव सुरमादाणी रिकामीच घ्या. चांदीच्या कार्टूशवर, म्हणजे लांबट गोल पदकावर, चित्रलिपीत नाव कोरून घ्यायचं तर चांदी डोळ्यांदेखत वजन करून घ्या. मृणाळ किंवा कमळ असाल तर ‘ळ’ मिळणार नाही, ‘ल’चा सिंह बसवतात. अत्तराच्या फुंकीव काचेच्या बाटल्या कागदासारख्या पातळ असतात आणि बुचं गळतात. अत्तर वेगळ्या साध्या बाटलीत भरून घ्या, आणि रिकामी शोभेची बाटली त्या मशिदीच्या मोज्यात घालून आणा. आधी मोजे धुवा.