चूकभूल द्यावी, घ्यावी

फॉर्मवर सगळं सरळ होतं. नाव, वय, वजन, ॲलर्जी, आधीची ऑपरेशनं, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का. भराभर लिहीत तळाशी आले, तर तिथे दोन रिकामे चौकोन. 'सेडेशन हवे' आणि 'सेडेशन नको'. सेडेशन म्हणजे गुंगीचं औषध. पेन तिथेच अडलं.

"सिस्टर, इथे काय लिहू?"

"तुम्हाला काय हवंय ते लिहा."

मला काय हवंय असं विचाराल, तर मुळात कोलोनोस्कोपीच, म्हणजे मोठ्या आतड्यात नळी घालून करायची ती तपासणीच नको होती. पण तो चौकोन त्यांनी छापला नव्हता.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "दोन्ही चालतं." डॉक्टरच्या तोंडून ऐकू नये असं एखादं वाक्य असेल तर ते हेच. आपण तिथे जातो ते कुणीतरी दरडावावं म्हणून. हे बंद करा, ते सुरू करा, जिने चढू नका, असं म्हटलं की कसं बरं वाटतं. 'दोन्ही चालतं' म्हणजे ठरवायचं मी. आणि मी ठरवायचं म्हटलं की काय होतं हे आमच्या घरातले पडदे सांगतील. दोन वर्षांपूर्वी बदलायचे ठरले, रंग अजून ठरतोय.

मुदत चार दिवसांची होती. फॉर्म घरी आणला.

पहिल्या दिवशी लोकांना विचारलं. ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, "डोळे झाकून पूर्ण भूल घे. ते दुधासारखं पांढरं औषध असतं ना, प्रोपोफोल, ते शिरेत गेलं आणि मी भूलतज्ज्ञांना काहीतरी विचारत होते ते वाक्य पुरंसुद्धा झालं नाही. उठले तर सगळं आटोपलेलं. मूल झाल्यापासून इतकी छान झोप मला लागली नव्हती गं." सांगताना तिचा चेहरा असा खुलला होता, जणू आठ दिवस कुठे हवापालटाला जाऊन आली होती. दिराचं म्हणणं बरोबर उलट. "वहिनी, भूल कसली घेताय? मी बिनभुलीची केली. उठलो, पँट चढवली, गाडी काढली, सरळ ऑफिस!" हा माणूस पायात काटा गेला तर घर गोळा करतो, त्यामुळे त्याच्या शौर्यातून मी निम्मं वजा केलं. उरलेलं निम्मंही मला झेपणारं नव्हतं.

दुसऱ्या रात्री मी वाचायला बसले. असं करू नये, हे मला माहीत होतं.

वाचलं ते असं. मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब. नळी बोटाएवढी जाड, टोकाला दिवा आणि कॅमेरा. आतड्याला आतून कापलं, खुडलं, तरी त्याला पत्ता नसतो. ताणलं मात्र की लगेच कळतं. म्हणजे स्वभावाने अगदी आमच्या सासूबाई. तोडून बोललेलं चालतं, ताणून धरलेलं चालत नाही. दुखतं ते बहुतेक पहिल्याच मोठ्या वळणावर. तिथलं आतडं मोकळं लोंबतं असतं. नळी पुढे सरकण्याऐवजी तिथेच तिला वेटोळं पडतं आणि ते आतड्याला ताण देतं. मग डॉक्टर नळी थोडी मागे घेऊन वेटोळं सोडवतात, सिस्टर वरून पोट दाबून धरतात, आपल्याला कूस बदलायला लावतात. माळ्यावरून लांबलचक बांबू खाली काढताना घरात जी बोलणी होतात, तशी ती होत असावीत.

नॉर्वेत पुष्कळ लोक जागेपणीच ही तपासणी करून घेतात म्हणे, आणि अमेरिकेत बहुतेक सगळे झोपून. आतडं दोन्हीकडे तेच. ब्रिटनमध्ये आणखी एक सोय आहे, निम्मा नायट्रस ऑक्साइड आणि निम्मा ऑक्सिजन असा वायू नळीने हुंगायचा. हा नायट्रस ऑक्साइड हम्फ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाने १७९९ साली स्वतःवरच हुंगून पाहिला होता, आणि त्याचं नाव पडलं लाफिंग गॅस. आमच्याकडच्या फॉर्मवर तो नव्हता ते बरंच झालं. अशा प्रसंगी पेशंट खुदकन हसला तर डॉक्टरांनी काय समजायचं?

पुढे भेटले ते जपानचे डॉक्टर अकिरा होरिउची. या गृहस्थांनी स्वतःची कोलोनोस्कोपी स्वतः केली. बसून. एका हातात यंत्राचा दांडा, दुसऱ्या हाताने नळी आत. त्रास किरकोळ झाला असं त्यांनी रीतसर लिहून ठेवलंय आणि त्याबद्दल २०१८ साली त्यांना इग नोबेल मिळालं. इग नोबेल म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस. मी हसले, आणि मग मला लाज वाटली. तो माणूस दोन्ही हात कामाला लावून बसला होता, आणि मला नुसतं डाव्या कुशीवर पडायचं होतं, तर चार दिवस लागत होते. पण जरा वेळाने लक्षात आलं की काटा आपल्या हाताने काढला तर तेवढा दुखत नाही. तोच काटा दुसऱ्याने काढायला घेतला की सुई टेकायच्या आधीच आपण ओरडतो. होरिउचींच्या हातात दांडा होता. माझ्या हातात पेन होतं.

तिसऱ्या रात्री मिडॅझोलाम सापडलं, आणि तिथे माझी झोप उडाली. झोपेच्याच औषधाने.

पूर्ण भूल नको असेल तर हे देतात, सोबत एखादं वेदनाशामक. याने माणूस गाढ झोपत नाही, गुंगतो. बोललेलं त्याला समजतं, तो उत्तर देतो, वळा म्हटलं की वळतो. दुखलं तर कण्हतोसुद्धा. फक्त औषधाच्या अमलात आठवणी साठत नाहीत. नंतर विचारा, पाटी कोरी.

मी दिवा लावला. "अहो, दुखलं, पण नंतर आठवलंच नाही, तर ते दुखलं की नाही दुखलं?"

"दिवा बंद कर," नवरा म्हणाला आणि मिनिटभरात घोरायला लागला.

उत्तर मला तिथेच मिळालं. हा माणूस रोज रात्री घोरतो आणि रोज सकाळी 'मी घोरत नाही' असं सांगतो. त्याला आठवत नाही, म्हणून घोरणं झालंच नाही का? ज्याने ऐकलं त्याला विचारा. म्हणजे मिडॅझोलाम घेतल्यावर माझं काय झालं हे मला सोडून त्या खोलीतल्या सगळ्यांना माहीत असणार.

खरं सांगायचं तर माझी भीती दुखण्याची नव्हतीच. दोन बाळंतपणं झालीत. भीती होती तोंड सुटण्याची. पोटातलं ओठावर येऊ नये म्हणून पन्नास वर्षं जपलेली बाई मी. ऑफिसातल्या साहेबांबद्दल, जावेच्या आवाजाबद्दल, नवऱ्याने हौसेने आणलेल्या त्या हिरव्या सोफ्याबद्दल माझी खरी मतं काय आहेत, हे आजवर कुणाला कळलेलं नाही. आणि इथे पोटाकडे जायची वाट उघडून देताना ओठांचं कुलूपही मीच काढून द्यायचं!

त्याच रात्री डॅनिएल काहनेमान यांचाही प्रयोग वाचला. २००२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले हे गृहस्थ माणसं निर्णय कसे घेतात याचा अभ्यास करायचे, आणि त्यासाठी त्यांना नेमकी कोलोनोस्कोपी सापडली. ६८२ पेशंट. त्यांतल्या काहींची तपासणी संपल्यावर नळी लगेच काढली नाही, टोक थोडा वेळ न हलवता तसंच राहू दिलं. म्हणजे त्रास जास्त वेळ, पण शेवट सौम्य. गंमत अशी, की याच लोकांना आपली तपासणी कमी वाईट झाल्यासारखी आठवली. माणूस दुखणं मिनिटांवर मोजत नाही. कळस किती उंच आणि शेवट कसा, एवढंच तो लक्षात ठेवतो. शेवट गोड तर सगळं गोड, हे आजी सांगायची. तिने ६८२ माणसं तपासली नव्हती एवढंच.

चौथ्या दिवशी मी 'हवे'वर खूण केली आणि पुढे बारीक अक्षरात लिहिलं, 'थोडेसे'. हिशेब पक्का होता. थोडंसं घेतलं की दुखणं बोथट होईल, पण मी शुद्धीवर असेन. पडद्यावर स्वतःचं आतडं बघेन, प्रश्न विचारेन, आणि जिभेवर माझा ताबा राहील. सिस्टरनी तो शब्द वाचला आणि काही न बोलता फॉर्म फाइलला लावला.

आदल्या रात्रीबद्दल थोडक्यात सांगते, कारण तिच्याबद्दल लांबण लावण्यासारखं जे आहे ते सांगण्यासारखं नाही. जगभर भूल द्यावी की नाही यावर अभ्यास झालेत. पण कुठल्याही शहाण्या माणसाला ती आदल्या रात्री द्यावी असं का सुचलं नाही, हे मला कळत नाही. पोट साफ करायची ती पावडर पाण्यात कालवली की समुद्रात लिंबू पिळल्यासारखी लागते, आणि समुद्र संपवायचाच असतो, निम्मा संध्याकाळी, निम्मा पहाटे. लाल किंवा जांभळं काही प्यायचं नाही, कारण आत ते रक्तासारखं दिसतं. पहाटे तीनला मला आमच्या बाथरूमची समोरची भिंत पाठ झाली होती. उभ्या अकरा फरश्या, आडव्या सात. वरून पाचवीला तडा आहे, आणि तो डावीकडून उजवीकडे जाताना मध्येच विचार बदलतो.

सकाळी तो गाऊन मिळाला. त्याच्या नाड्या मागे असतात आणि हात तिथवर पोचत नाहीत. हाताच्या पाठीवर सुई लागली, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा. डाव्या कुशीवर वळा, गुडघे पोटाशी घ्या. वळले. समोरच पडदा होता, अगदी नाटकाची पहिली रांग.

"आता जरा हलकं वाटेल हं," सिस्टर म्हणाल्या.

मला काहीच वाटलं नाही. औषध फारच थोडंसं दिलंय, बाईंनी माझा शब्द मनावर घेतला, असं वाटून मी खूश झाले. पडद्यावर गुलाबी, ओलसर, गोल बोगदा उजळला.

"दिसतंय ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"हो, अगदी स्वच्छ दिस..."

बाजूला हिरवा पडदा होता. स्टुलावर नवरा बसला होता.

"सुरू कधी करणार?" मी विचारलं.

"झालं."

"कधी?"

"पाऊण तास झाला. हेही तू दुसऱ्यांदा विचारतेयस."

सिस्टर चहूबाजूंनी प्रसन्न दिसत होत्या. "किती छान प्रश्न विचारत होता तुम्ही! अपेंडिक्सचं तोंड दिसलं तेव्हा तर डॉक्टरांनी थांबून दाखवलं तुम्हाला. पॉलिप, म्हणजे आतड्यातला छोटा कोंब काढला, तोही बघितलात."

"पॉलिप होता?"

"चार मिलिमीटरचा. काढून तपासायला पाठवला. हे सगळं मी तुम्हाला सांगितलंय हो."

"मी काय म्हणाले?"

त्या हसल्या. "असं सगळेच बोलतात."

असं म्हणजे कसं, ते काही त्यांच्याकडून निघालं नाही. एवढी जागी राहून, डोळे उघडे ठेवून, पहिल्या रांगेत बसून मी ते आख्खं नाटक बघितलं, आणि माझ्याकडे त्याचं तिकिटाचं अर्धुकही नाही. काहनेमानांच्या हिशेबात बसवायला ना कळस, ना शेवट. ज्या वळणाला घाबरून चार दिवस घालवले ते दुखलं का, हे विचारायचं तर मला नवऱ्याला विचारावं लागणार, आणि तो बाहेर पेपर वाचत होता.

डॉक्टर येऊन पुन्हा सगळं बोलले. मी मान डोलावली. ते गेल्यावर नवऱ्याला विचारलं, "काय म्हणाले?" त्याने रिपोर्टचा कागद हातात ठेवला. हे लोक सगळं लिहून का देतात ते तेव्हा समजलं. त्याच कागदावर खाली सूचना होत्या. चोवीस तास गाडी चालवू नये, कुठल्याही महत्त्वाच्या कागदावर सही करू नये. फोनबद्दल त्यात काहीच नव्हतं. ते यापुढे घालावं, असं मी त्यांना लेखी कळवणार आहे.

कारण संध्याकाळी जाग आली तेव्हा ताईचे सात मेसेज होते. पहिल्यात नुसतंच हसू. तिसऱ्यात, "सोफ्याबद्दल अगदी बरोबर बोललीस." शेवटच्यात, "हे मी जपून ठेवतेय." वर जाऊन पाहिलं. दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी, म्हणजे मी त्या हिरव्या पडद्यामागे पडलेली असताना, माझ्या फोनवरून तिला एक आवाजी निरोप गेला होता. चार मिनिटं बारा सेकंदांचा. तसाच तो घरच्या ग्रुपवरही गेला होता. जावेने तिथे नुसता अंगठा उंचावलाय.

अजून मी तो ऐकलेला नाही.