मिनीडीव्ही कॅप्चर: पैसे प्रोसेसरवर नाही, पोर्टवर आणि हेडवर घाला

सांगली, मिरज, कराड, सातारा इथल्या शूटिंगवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतोय. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: जुन्या मिनीडीव्ही कॅसेट कॉम्प्युटरवर घ्यायच्या तर आय-सेव्हन, ३२ जीबी रॅम आणि ८ जीबीचं ग्राफिक्स कार्ड हवंच. फायरवायर (डिजिटल कॅमेरा कॉम्प्युटरला जोडायचं जुनं पोर्ट) संपलं, आता यूएसबी केबलने भागतं. नाहीतर ईझीकॅप (यूएसबीला लावायचं छोटं कॅप्चर डिव्हाइस) लावा, आणि एचडीएमआय कन्व्हर्टर लावलात तर फुल एचडी मिळेल. एमपीफोर बनवा, कॅसेट टाकून द्या.

ज्यांच्याकडे लग्नांच्या, बावधनच्या बगाडाच्या, भावे नाट्यमंदिरातल्या प्रयोगांच्या कॅसेट पडून आहेत, त्यांचं या सल्ल्याने नुकसान होईल. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

"आय-सेव्हन आणि ग्राफिक्स कार्ड हवंच"

सगळ्या गोंधळाचं मूळ इथे आहे. व्हीएचएसवर ॲनालॉग सिग्नल असतो, त्याचे आकडे करावे लागतात. मिनीडीव्हीवर आकडेच असतात. शूटिंगच्या वेळीच कॅमेऱ्याने चित्र सेकंदाला २५ मेगाबिटमध्ये दाबून टेपवर लिहिलेलं असतं. फायरवायरने ते उतरवणं म्हणजे निव्वळ कॉपी. कॉम्प्युटरने काही बनवायचं नसतं, येईल ते डिस्कवर लिहायचं.

आवाज आणि बाकीची माहिती धरून हा प्रवाह सेकंदाला ३.६ मेगाबाइट होतो, म्हणजे तासाला १३ जीबी. साधी हार्ड डिस्कही सेकंदाला शंभर मेगाबाइटच्या आसपास लिहिते. हे काम पेंटियम थ्रीवर व्हायचं. कोअर टू ड्युओ किंवा जुना आय-थ्री, ४ जीबी रॅम आणि रिकामा स्लॉट असलेला असेंबल्ड डेस्कटॉप पुरून उरतो. ग्राफिक्स कार्डला कॅप्चरमध्ये काही कामच नाही. ४० कॅसेटना सव्वापाचशे जीबी लागतात, तेव्हा तो पैसा १ टीबीच्या दोन डिस्कवर घाला. दुसरी बॅकअपसाठी.

मग फ्रेम ड्रॉप का होतात, म्हणजे मधली चित्रं का गळतात? प्रोसेसर कमी पडला म्हणून क्वचितच. मधेच अँटीव्हायरसचं स्कॅन सुरू होतं, विंडोजचा अपडेट उतरतो, पॉवर सेव्हिंग डिस्क झोपवतं किंवा कॅप्चर सी ड्राइव्हवरच चाललेलं असतं. कॅप्चरला वेगळी डिस्क ठेवा, नेट काढा, स्लीप बंद करा. ती डिस्क एनटीएफएस फॉरमॅटचीच हवी. एफएटी३२ वर ४ जीबीच्या पुढे फाइल जात नाही, म्हणजे विसाव्या मिनिटाच्या आसपास कॅप्चर तुटतं आणि दोष कॅमेऱ्यावर जातो.

"फायरवायर संपलं, यूएसबी पुरे"

बहुतेक मिनीडीव्ही कॅमेऱ्यांतलं यूएसबी मेमरी कार्डावरचे फोटो काढायला किंवा वेबकॅमसारखं बारीक चित्र द्यायला असतं. टेपवरचा पूर्ण डीव्ही प्रवाह त्यातून येत नाही. मोजक्या मॉडेलमध्ये येतो, तेवढं मॅन्युअलमध्ये बघून घ्या. बाकीच्यांना 'डीव्ही' किंवा 'आय-लिंक' लिहिलेलं चार पिनांचं बारकं फायरवायर पोर्ट हाच रस्ता.

एका टोकाला फोर-पिन आणि दुसऱ्या टोकाला यूएसबी प्लग असलेली केबल घेऊ नका. दोन्ही पोर्टची बोलण्याची पद्धतच वेगळी आहे. नुसत्या तारा जोडून भाषांतर होत नाही, कॅमेरा दिसणारच नाही.

डेस्कटॉपला पीसीआय एक्सप्रेसचं फायरवायर कार्ड लागतं. चिप व्हीआयएची व्हीटी६३१५ किंवा टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची एक्सआयओ२२१३ बघा. जुन्या बोर्डावर साधा पीसीआय स्लॉट असेल तर व्हीटी६३०६ चं कार्ड चालतं. केबल सिक्स-पिन ते फोर-पिन, साडेचार मीटरच्या आतली. विंडोज १० वर कॅमेरा दिसला नाही तर मायक्रोसॉफ्टचा '१३९४ ओएचसीआय लेगसी' ड्रायव्हर टाकून डिव्हाइस मॅनेजरमधून तो निवडा. कॅप्चरला विनडीव्ही हे छोटं सॉफ्टवेअर पुरतं, लिनक्सवर डीव्हीग्रॅब. फाइल 'टाइप २ एव्हीआय' ठेवा, एडिटिंगच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ती बिनतक्रार उघडते. जुना मॅक असेल तर तो अपडेट करू नका, कारण मॅकओएस २६ मध्ये फायरवायरचा आधारच काढून टाकलाय.

केबल लावताना दोन्हीकडची पॉवर बंद ठेवा. सिक्स-पिनमधून वीज येते. प्लग उलटा दाबून घुसवला तर पोर्ट जळतं, कधी कॅमेऱ्याचंही. फोर-पिनमधून कॅमेऱ्याला वीज मिळत नाही, त्यामुळे त्याचा स्वतःचा अ‍ॅडॉप्टर लावा आणि मोड 'व्हीसीआर' किंवा 'प्ले' ठेवा.

"ईझीकॅप आणि एचडीएमआय कन्व्हर्टर"

व्हीएचएससाठी कॅप्चर डिव्हाइस लागतंच, त्याबद्दल वाद नाही. पण डीव्ही कॅसेटला पिवळी-पांढरी-लाल केबल लावली की आकड्यांचं ॲनालॉग होतं आणि डिव्हाइस त्याचे पुन्हा आकडे करतं. पिवळ्या वायरीत रंग आणि उजेड एकत्र जातात, म्हणून शालूच्या जरीच्या कडेवर रंग सरपटताना दिसतात. शिवाय चित्र आणि आवाज यांची घड्याळं वेगळी पडतात. सुरुवातीला मंगलाष्टकं ओठांशी जुळतात, तासाभराने आवाज पुढे-मागे झालेला असतो. प्रत्येक फ्रेमसोबत नोंदलेली तारीख-वेळही जाते. फायरवायरने ती फाइलमध्ये येते, आणि कोणतं शूट कधीचं हे शोधताना तिचा फार आधार होतो.

एचडीएमआयने फुल एचडी 'मिळत' नाही. पाल (आपल्याकडची टीव्ही पद्धत) डीव्हीचं चित्र ७२० बाय ५७६, सेकंदाला ५० फील्ड, म्हणजे एकाआड एक ओळींची अर्धी चित्रं. कन्व्हर्टर तेच ताणून मोठं करतो, वर फील्ड चुकीची मिसळली तर हलणारे हात कंगव्यासारखे फाटतात. मोठं करायचंच असेल तर मूळ फाइल हातात आल्यावर सावकाश करा. डीव्हीत खालचं फील्ड आधी असतं. एडिटिंगमध्ये 'लोअर फील्ड फर्स्ट' निवडलं नाही तर पालखी पुढे जाताना थरथरते.

मेसेजमध्ये जे नाहीच: हेड

वीस वर्षं पडून राहिलेल्या कॅमेऱ्यात सगळ्यात आधी बिघडतं ते हेड, म्हणजे फिरत्या ड्रमवरचा टेप वाचणारा भाग. मिनीडीव्हीचा ड्रम मिनिटाला ९००० फेरे घेतो आणि टेपवरचा एकेक ट्रॅक १० मायक्रॉन रुंद, केसाहून कितीतरी बारीक. दोनांपैकी एक हेड चोंदलं की चित्रात आडव्या पट्ट्या येतात, एक नीट, एक चौकड्यांची. हा कॅसेटचा दोष समजून लोक कॅसेट फेकतात. आधी ड्राय क्लीनिंग कॅसेट दहा सेकंद चालवा, रिवाइंड न करता काढा आणि पुन्हा बघा. तीनदा करूनही फरक नसेल तर मेकॅनिककडे न्या, घासत बसू नका, हेड झिजतं.

एलपी मोडमध्ये (टेप हळू चालवून जास्त वेळ भरायचा मोड) नव्वद मिनिटं भरलेल्या कॅसेटचा ट्रॅक आणखी अरुंद, ६.७ मायक्रॉन. ती ज्या कॅमेऱ्यावर भरली त्यावरच बरी वाजते, म्हणून तो कॅमेरा भंगारात देऊ नका. महाबळेश्वर, पाटणच्या पावसाळ्यात 'ड्यू' चिन्ह (आत ओल साठल्याची खूण) आलं तर कॅमेरा तास-दोन तास कोरड्या खोलीत राहू द्या. वापरण्याआधी कॅसेट एकदा शेवटपर्यंत नेऊन परत आणा, म्हणजे चिकटलेले थर सुटतात.

"एमपीफोर करा, कॅसेट टाका"

एमपीफोर घरच्यांना फोनवर पाठवायला ठीक. जपायची ती १३ जीबीची डीव्ही फाइल. एमपीफोर करताना जे गाळलं जातं ते परत मिळत नाही. फाइल पूर्ण चालवून तपासा, दोन डिस्कवर दोन वेगळ्या घरांत ठेवा. त्यानंतरही कॅसेटची खिटी 'सेव्ह'कडे सरकवा, ती रिवाइंड करून डबीत उभी ठेवा. उद्या फाइलमध्ये ड्रॉप सापडला तर तेवढा तुकडा पुन्हा घेता येतो.

२०१९ च्या पुरात सांगलीत भिजलेल्या कॅसेट ज्यांनी अजून सांभाळून ठेवल्यात, त्यांनी त्या कॅमेऱ्यात घालून 'लागते का' बघू नये. वाळलेला गाळ पहिल्याच फेरीत हेड खरवडतो आणि टेपचा थरही सोबत नेतो. हेअर ड्रायर नको, ऊन नको. अशी कॅसेट उघडून, टेप धुऊन नव्या कवचात बसवणाऱ्या जाणकाराकडेच द्या, आणि तोपर्यंत ती आहे तशी सावलीत ठेवा.