कठडा म्हणजे दोरी नव्हे

आधीच सांगून टाकते, मी बी.कॉम. आहे, सांगलीची, फर्स्ट क्लास. म्हणजे इंग्रजी येतं मला, बँकेचा फॉर्म भरण्याइतकं आणि कस्टमर केअरवाल्याशी पाऊण तास भांडण्याइतकं तर नक्कीच. पण इकडे कॅलिफोर्नियात येऊन आठ वर्षं झाली, लेक सातवीत गेली, दुपारी घर खायला उठतं, म्हणून म्हटलं अकाउंटिंगची इथली डिग्री करून टाकावी. राज्यात अशी ११६ कम्युनिटी कॉलेजं आहेत, त्यातलं एक आमच्या घरापासून दोन बसस्टॉपवर. तिथल्या काउन्सेलरने सगळे कागद बघितले, हसली, आणि म्हणाली अकाउंटिंग घे हवं तेवढं पण इंग्लिश कॉम्पोझिशन सगळ्यांनाच कंपल्सरी आहे.

मला आनंदच झाला हो. कॉम्पोझिशन म्हणजे निबंध आणि निबंध म्हणजे आपल्या हातचा मळ. शाळेत आम्ही निबंध कधी लिहिलाच नाही, पाठ केला. 'माझा आवडता ऋतू' म्हणजे पावसाळाच, मग तुम्हाला जून ते सप्टेंबर सर्दी का असेना. फाटक्या पुस्तकाचं आत्मवृत्त पाठ असलं की तेच थोडं भिजवून छत्रीचं करता यायचं, थोडं झिजवून चपलेचं. आणि 'विज्ञान : शाप की वरदान' तर काय, अर्धं पान वरदान, अर्धं पान शाप, आणि शेवटी 'ते वापरणाऱ्याच्या हाती आहे' असं म्हणून आपण मोकळे. मला आठवतंय तसं दहा वर्षांच्या शाळेत मला कुणीही, एकदाही, तुझं मत काय असं विचारलं नव्हतं. लग्नानंतरही नाही, पण तो वेगळा विषय.

इथे पहिल्याच दिवशी प्रोफेसरबाईंनी (त्यांना वर्गातली पोरं नावाने हाक मारतात, मला सात जन्मात जमणार नाही, मी आपली 'प्रोफेसर, प्रोफेसर' करते) सांगितलं की हा कोर्स काही आजचा नाही, १८७४ मध्ये हार्वर्डने प्रवेशपरीक्षेत निबंध ठेवला आणि चांगल्या चांगल्या घरच्या पोरांनी इतकं भयंकर लिहिलं की पुढे पहिल्या वर्षाला लिहायला शिकवण्याचा कोर्सच सक्तीचा करावा लागला. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी पेपरात माती खाल्ली आणि त्याची भरपाई मी करतेय.

मोठं काम एकच होतं. रिसर्च पेपर, आठ पानं, विषय तुमचा तुम्ही निवडा. आता हेच अवघड. विषय दिला असता तर मी गाईड शोधलं असतं. दोन दिवस डोकं खाजवलं आणि तिसऱ्या दिवशी विषय माझ्या हातात आला, अक्षरशः, क्वार्टरच्या नाण्यांच्या रूपात. आमच्या अपार्टमेंटला तळमजल्यावर कॉमन लाँड्री आहे, एक वेळ कपडे वाळवायला सात क्वार्टर म्हणजे पावणेदोन डॉलर. बाहेर कॅलिफोर्नियाचं खणखणीत ऊन पडलंय, सांगलीच्या मे महिन्याला लाजवेल असं, आणि मी आत बसून पैसे देऊन टॉवेल भाजतेय. लिहायचं तर यावरच.

थोडं शोधलं तर काय, हा विषय इथे चक्क राजकारणाचा आहे! कितीतरी कॉलन्यांच्या असोसिएशनी दोरीवर कपडे वाळत घालू देत नाहीत, कॉलनी गरीब दिसते म्हणून. त्याविरुद्ध लोकांनी 'वाळवण्याचा हक्क' म्हणून चळवळ केली. व्हर्माँटने २००९ मध्ये कायदा केला, कॅलिफोर्नियाने २०१५ मध्ये. मी थक्क. आमच्याकडे हक्क म्हटलं की पाण्याचा, जमिनीचा, फार तर माहेरच्या इस्टेटीचा. परकराचा कायदा असू शकतो हे डोक्यातच आलं नव्हतं.

मग थीसिस स्टेटमेंट नावाचं प्रकरण सुरू झालं. थीसिस म्हणजे अख्ख्या पेपरात तुम्हाला जे म्हणायचंय ते एका वाक्यात, आणि ते असं पाहिजे की त्यावर कुणीतरी भांडू शकेल. मी मन लावून लिहिलं, 'ड्रायरचे जसे फायदे आहेत तसेच काही तोटेही आहेत.' बाईंनी बाजूला एवढंच लिहिलं : बाजू घ्या. मी बदललं, 'ड्रायर वापरणाऱ्याच्या हाती आहे' या अर्थाचं काहीतरी. त्यावर बाईंनी लिहिलं, 'सो व्हॉट?'

आता हा 'सो व्हॉट' इथे अपमान नाहीये, ती पद्धत आहे, त्याचं उत्तर द्यायचं असतं. पण मला घाम फुटला कारण हा प्रश्न मी पंधरा वर्षं मराठीत ऐकतेय. आमच्या सासूबाईंना कुठलीही गोष्ट रंगवून रंगवून सांगितली की त्या शेंगा सोलता सोलता मान वर न करता फक्त म्हणतात, "बरं, मग?" झालं, गोष्ट तिथेच मरते. त्या बाई कोल्हापूर जिल्ह्यात बसून मोफत कॉम्पोझिशन शिकवत होत्या आणि मी उगाच मनाला लावून घेत होते.

लेक मदतीला आली. "अगं आई, हॅम्बर्गर कर ना," म्हणे. त्यांच्या शाळेत निबंध हॅम्बर्गरसारखा शिकवतात, वरचा पाव म्हणजे सुरुवात, मधे तीन थर मुद्द्यांचे, खालचा पाव म्हणजे शेवट. आमचं शाकाहारी घर, मी त्याचा वडापाव केला, एका मुद्द्याचा वडा आणि वरून पुराव्याची चटणी. कॉलेजात गेले तर बाई म्हणाल्या की ते पाच परिच्छेदांचं मॉडेल शाळेतच सोडून यायचं असतं. लेकीला हे अजून सांगितलेलं नाही.

बरं, मत झालं. पण तुमचं मत तुम्ही नुसतं मांडायचं नाही, त्याला दुसऱ्या कुणीतरी आधीच म्हटलेलं असल्याचा पुरावा पाहिजे, आणि तरीही ते स्वतःचं वाटलं पाहिजे. विकिपीडिया चालत नाही. ब्लॉग जपून. लायब्ररीच्या डेटाबेसमधलेच लेख पाहिजेत. मी तिथे 'ड्रायिंग' टाकलं तर मशरूम कसे वाळवावेत यावर ढीगभर लेख आले. 'लाइन ड्रायिंग' टाकलं तर कुठल्यातरी रंगाच्या कारखान्यातली लाइन. शेवटी लायब्ररियन बाई स्वतःची खुर्ची घेऊन शेजारी बसल्या, पाऊण तास, एक पैसा न घेता. इतक्या प्रेमाने मला आजवर फक्त साडीच्या दुकानातच कुणी वस्तू दाखवल्यात.

त्यांनीच मला सोर्स तपासायची पाच अक्षरी टेस्ट शिकवली, माहिती किती ताजी, विषयाला धरून आहे का, सांगणारा कोण, बरोबर आहे का, आणि सांगण्यामागे हेतू काय. पाचही इंग्रजी शब्दांची पहिली अक्षरं जुळवली की 'क्रॅप' होतं, म्हणजे सभ्य मराठीत कचरा. मला वाटलं बाई गंमत करतायत. नाही, आमच्याच राज्यात चिको म्हणून गाव आहे तिथल्या युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीने काढलेली खरीखुरी टेस्ट आहे ती. मी घरी येऊन लगेच फॅमिली ग्रुपवर वापरून बघितली. काकांचा तांब्याच्या भांड्यावरचा मेसेज पाचात शून्य.

मग मला कळलं की प्रत्यक्ष मुलाखतही सोर्स म्हणून चालते. मी शनिवारी रात्री, म्हणजे तिकडे रविवारी सकाळी, सांगलीला व्हिडिओ कॉल लावला. आई गच्चीवर, मागे दोरीवर चादरी, मोबाईल बहुतेक पाण्याच्या टाकीला टेकवलेला कारण अर्ध्या स्क्रीनवर आकाश होतं.

"आई, कपडे उन्हात का वाळवायचे?"

"म्हणजे? मग कुठं वाळवायचे?"

"तसं नाही गं, कारण सांग. कॉलेजला लिहायचंय."

"कारण काय त्यात, वाळतात म्हणून."

"आणखी?"

"जंतू मरतात. वास जातो. पांढरं पांढरं राहतं. रंगीत मात्र उलटं करून घालायचं नाहीतर उडतं, तू घालत नाहीस, मला माहितीये."

"जंतू मरतात याला पुरावा काय?"

इथे आईने कपड्याचा चिमटा तोंडातून काढला आणि कॅमेऱ्यात बघितलं. "तुम्हा चौघा भावंडांना मी वाढवलं. कुणाला कधी खरूज झाली?"

आता हे एमएलए पद्धतीने (आमदार नव्हे, पेपर कसा मांडायचा आणि संदर्भ कसे द्यायचे याचे इथले नियम) लिहायचं म्हणजे लेखकाचं फक्त आडनाव. त्यामुळे माझ्या पेपरात गंभीरपणे असं वाक्य आहे की पाटील यांच्या मते चार अपत्यांपैकी एकालाही त्वचारोग झाला नाही. बाईंनी बाजूला हसरा चेहरा काढला आणि खाली लिहिलं, सॅम्पल साइझ लहान आहे. आईला सांगितलं तर म्हणाली चार लहान वाटतात होय, त्यांना म्हणावं एक करून बघा.

एमएलएबद्दल काय बोलावं. ओळींमधलं अंतर दुप्पट, समास एक इंच, अक्षर शक्यतो टाइम्स न्यू रोमन, जे १९३२ मध्ये लंडनच्या एका वर्तमानपत्रासाठी केलं होतं आणि आता माझ्या मागे लागलंय. संदर्भांच्या यादीत पहिली ओळ बाहेर आणि बाकीच्या अर्धा इंच आत, म्हणजे आपल्या परिच्छेदाच्या बरोब्बर उलटं, मी चार वेळा स्पेसबार मारून मारून केलं आणि एक स्वल्पविराम घातला की सगळी यादी फरशीवर मोहरी सांडल्यासारखी. फक्त एक गोष्ट मला मनापासून आवडली. या देशात सगळीकडे आधी महिना मग तारीख, पण एमएलएत पेपरच्या डोक्यावर तारीख आधी, महिना मग. आठ वर्षांत पहिल्यांदा मी कुठेतरी न अडखळता तारीख लिहिली.

पीअर रिव्ह्यू म्हणजे शेजारच्याने तुमचा पेपर तपासायचा. माझा शेजारी एकोणीस वर्षांचा, बगलेत स्केटबोर्ड, एका कानात सतत काहीतरी वाजत असलेलं. त्याने माझी आठ पानं सहा मिनिटांत वाचली आणि लिहिलं, छान आहे, अजून थोडं वाढवता येईल. कुठे वाढवू विचारलं तर खांदे उडवले. मग जरा वेळाने स्वतःच म्हणाला, माझी आजी पण बाहेर वाळवायची, मेक्सिकोत, चादरींना वेगळाच वास यायचा. मी म्हटलं, अरे मग हे लिही ना माझ्या पेपरवर! तर म्हणे फॉर्ममध्ये त्याला रकाना नाहीये. त्याचा स्वतःचा पेपर एनर्जी ड्रिंकवर होता, त्यात थीसिस सापडेना म्हणून मी बाजूला लिहिलं, 'सो व्हॉट?' लिहिताना फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पेपर रविवारी रात्री ११:५९ पर्यंत अपलोड करायचा होता. त्याआधी कॉपी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरमधून जायचं. दहा वाजता टाकला तर आकडा आला ३१ टक्के. माझे हातपाय गार. पाठ करून लिहिण्याचं दहा वर्षांचं पाप आज बाहेर निघालं असंच वाटलं. नवरा म्हणाला कुठून उचललंस, मी म्हटलं आईकडून. मग एकेक रंगवलेली ओळ बघत गेलो तर त्यात संदर्भांची अख्खी यादी होती, अवतरणचिन्हातली वाक्यं होती, आणि 'ऑन द अदर हँड' होतं. जगात माझ्याआधी कुणीतरी ऑन द अदर हँड लिहिलंय हा माझा गुन्हा. बाईंचं नंतर मेल आलं की तेवढं चालतं, पण ते नंतर.

अकरा वाजता कायद्याचा मूळ मजकूर शेवटचा तपासायला उघडला, म्हटलं चूक नको, आणि तिथे ते कलम दिसलं जे मी तीन आठवडे वरवर वाचून पुढे जात होते. स्वतःच्या मागच्या अंगणात दोरी बांधा, स्टँड ठेवा, तुमचा हक्क आहे. भाडेकरूंनाही आहे, घरमालकाने होकार दिला तर. पण बाल्कनी, कठडा, छज्जा किंवा इमारतीचा दुसरा कुठलाही भाग ही दोरी समजली जाणार नाही. मी हळूच मागे वळून बघितलं. आमच्या दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत, कठड्यावर, लेकीचा युनिफॉर्म, नवऱ्याच्या दोन बनियन आणि माझा बांधणीचा दुपट्टा, रात्रीच्या वाऱ्यावर मस्त हलत होते.

पेपरात एक वाक्य घातलं, 'तथापि काही मर्यादा आहेत,' आणि ११:५४ला अपलोड केला. कपडे तसेच राहिले, कारण ओले होते.

मंगळवारी सकाळी दारावर लीझिंग ऑफिसची चिठ्ठी चिकटवलेली होती. अंतर सिंगल, समास वाटेल तसे, तारीख अमेरिकन पद्धतीने, सोर्स एकही नाही. पण पहिलंच वाक्य : 'बाल्कनीच्या कठड्यावर कपडे वाळत घालू नयेत.' उभ्या उभ्या दोनदा वाचलं. एका वाक्यात सगळं, बाजू घेतलेली, आणि भांडायला भरपूर जागा. सहा आठवडे बाई माझ्याकडून नेमकं हेच मागत होत्या.

दुपट्टा काढला, बनियन काढल्या, आणि डब्यात सात क्वार्टर आहेत का ते बघायला लागले. पाचच निघाले.